विदर्भातल्या गावोगावच्या जुन्या मुद्रकांचा आणि बुकसेलरांचा माग कसा काढावा

तालुक्याच्या गावात शंभर वर्षांपूर्वी छापखाना चालवणारा माणूस शोधणं त्याच काळातला सुतार किंवा किराणा दुकानदार शोधण्यापेक्षा सोपं आहे. याचं कारण १८६७ सालच्या २५ व्या कायद्यात आहे. छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी यांच्यासाठी केलेल्या या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं बंधनकारक झालं. छापखाना ठेवायचा तर मॅजिस्ट्रेटपुढे तसं जाहीरपत्र लिहून द्यावं लागे. २०२३ च्या नव्या कायद्याने तो रद्द झाला, पण तोवर दीडशेहून अधिक वर्षं या माणसांची नावं कागदावर उमटत राहिली.

नाव मिळतं, पण माणूस मिळत नाही. तो कुठला, कोणाचा, छापखान्याकडे कसा वळला, त्याच्यामागे मशीन कोणी चालवली, हे त्या ओळीत नसतं. ते गावदप्तरात, तीर्थक्षेत्रीच्या पंड्याच्या वहीत आणि घरातल्या ट्रंकेत असतं. ही दोन टोकं जोडण्याची रीत इथे सांगतो आहे. माझा आग्रह एकाच क्रमाचा आहे: आधी छापील कागद, मग घर, मग तहसील, आणि शेवटी पुराभिलेख, म्हणजे सरकारी जुनी दप्तरं. तहसीलपासून सुरुवात करणारे बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात, कारण मौजा आणि सालाचा अंदाज हाती नसेल तर तिथला कारकून इच्छा असूनही काही काढून देऊ शकत नाही.

पहिली पायरी : मुद्रक-प्रकाशकाची ओळ

समजा, तुमच्या हाती भजनांची एक चोपडी आली आणि शेवटच्या पानावर अशी ओळ आहे: ‘हे पुस्तक अमरावती येथे अमुक छापखान्यात विठ्ठल गणेश अमुक यांनी छापिले व ते महादेव गणेश अमुक यांनी मौजे तमुक, तालुका मोर्शी येथे प्रसिद्ध केले. शके १८३४.’

घाई न करता ही ओळ वाचा. मुद्रक आणि प्रकाशक वेगळे आहेत. छपाई अमरावतीची, पण पुस्तक निघालं मोर्शी तालुक्यातल्या गावातून. म्हणजे गावातला माणूस बहुधा स्वतः पुस्तकं विकणारा असणार आणि छापखाना त्याचा नसणार. दोघांचं आडनाव एक, वडिलांचं नाव एक. भाऊ असण्याची शक्यता दाट आहे, तरी हे अजून सिद्ध झालेलं नाही. वहीत ते ‘शक्यता’ म्हणूनच लिहा. शके १८३४ मध्ये ७८ मिळवले की इसवी सन १९१२ येतं. महिना पौष-माघ-फाल्गुनाचा असेल तर ७९ मिळवावे लागतात.

आपल्याकडची त्रिपदी नावाची पद्धत वंशावळ शोधणाऱ्याला मोठी देणगी आहे. विठ्ठल गणेश म्हटलं की दोन पिढ्या हाती आल्या. पुढे कुठे ‘गणेश बळवंत’ त्याच आडनावाने, त्याच गावात भेटला की तिसरी पिढी दिसू लागते. फक्त दत्तकाची शक्यता डोक्यात असू द्या. दत्तक गेलेल्या माणसाचं वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि तोच मुद्रक दहा वर्षांनी वेगळ्याच नावाने समोर येतो.

असा कागद मिळवायचा तर गाजलेल्या ग्रंथांच्या मागे लागू नका. खेड्यातल्या छापखान्याचं पोट आरत्या, पंचांगं, अंकलिप्या, पोवाड्यांच्या चोपड्या, बिलबुकं, सहकारी सोसायट्यांचे अहवाल आणि लग्नपत्रिका यांवर चाले. यातलं बरंचसं किरकोळ काम मुद्रकाच्या नावाशिवायच निघे, पण पत्रिकेच्या तळाशी बारीक टाइपात छापखान्याचं नाव पुष्कळदा असतं. निवडणुकीच्या पत्रकांची गोष्ट वेगळी. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली कलम १२७-क आलं, आणि तेव्हापासून प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता घालावाच लागतो. जुन्या कार्यकर्त्याच्या घरी पत्रकांचा गठ्ठा असेल तर तालुक्यातल्या छापखान्यांची यादी त्यातून आयती तयार होते.

विक्रेत्यांचा माग थोडा अवघड, कारण विक्रेत्याचं नाव छापण्याची सक्ती कधीच नव्हती. त्याची खूण म्हणजे आतल्या पानावरचा रबरी शिक्का, मलपृष्ठावरची ‘मिळण्याचे ठिकाण’ ही ओळ आणि पुस्तकाच्या शेवटी जोडलेली किमतींची यादी. गावच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांची पहिली आणि शेवटची पानं चाळत गेलात तर एका दिवसात चार-सहा शिक्के सापडू शकतात. बहिरमच्या किंवा रामटेकच्या यात्रेत पाल टाकून पोथ्या विकणारे, आणि १९५६ नंतर दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांची दुकानं लावणारे, यांची आठवण मात्र कागदापेक्षा माणसांकडेच जास्त मिळते.

दुसरी पायरी : सरकारी तिमाही याद्या

१८६७ च्या कायद्यातलं आणखी एक कलम आपल्या फार उपयोगाचं आहे. छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारला द्यावी लागे, आणि सरकार दर तिमाहीला त्या पुस्तकांची यादी राजपत्रातून प्रसिद्ध करी. यादीत पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव, ठिकाण, पानं, आवृत्ती, किंमत, इतकंच काय, किती प्रती काढल्या आणि पुस्तक खिळ्यांवर (शिशाच्या सुट्या अक्षरांवर) छापलं की शिळाप्रेसवर (दगडावरून), हेही असे. हक्क कोणाचा आणि तो राहतो कुठे, याचाही रकाना आहे. एखाद्या मुद्रकाची वीस वर्षांची कमाई कशावर होती, हे या रकान्यांतून समजतं.

विदर्भासाठी एक अडचण आहे आणि ती समजून घेतली नाही तर वर्ष वाया जातं. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा वऱ्हाडचा मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, पण नावाने निजामाचा. त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे निजामाच्या दरबारी असलेल्या इंग्रज प्रतिनिधीमार्फत चाले. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे जिल्हे १८६१ पासून मध्य प्रांतात. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे १९०३ पूर्वीचा अकोल्याचा मुद्रक आणि वर्ध्याचा मुद्रक यांचे कागद दोन वेगळ्या सरकारांच्या दप्तरात आहेत. या तिमाही याद्यांचा मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हैदराबाद रेसिडेन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या शोधता येतं.

शोधताना गावांची जुनी इंग्रजी रूपं लिहावी लागतात. अचलपूर म्हणजे एलिचपूर, वाशीम म्हणजे बासिम, वणी म्हणजे वून, यवतमाळ म्हणजे येवतमाल, चंद्रपूर म्हणजे चांदा. १९०५ पर्यंत एलिचपूर, बासिम आणि वून हे स्वतंत्र जिल्हे होते. पुढे वाशीम १९९८ मध्ये पुन्हा जिल्हा झाला, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. गाव जागचं हललं नाही, पण त्याची फाइल तीन कचेऱ्या फिरली. म्हणून प्रत्येक गावापुढे त्या काळचा तालुका आणि जिल्हा लिहून ठेवा.

इतकं लांब जायचं नसेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडा. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दोन भागांत मराठी छापील पुस्तकांची ही नोंद आहे. मोठ्या ग्रंथालयात ती बसून पाहता येते. आपल्या जिल्ह्यातून निघालेली पुस्तकं त्यातून टिपून घ्यायला वेळ लागतो, पण हे काम एकदा केलं की तुमच्या शोधाला कणा मिळतो.

इंग्रजी डिरेक्टऱ्या आणि जुने जिल्हा गॅझेटियर वाचताना कापसाच्या पट्ट्यात विशेष जपावं. खामगाव, कारंजा, हिंगणघाट, धामणगाव इथल्या यादीत ‘प्रेस’ दिसला की तो बहुधा कापसाच्या गासड्या बांधणारा असतो. मालकाच्या नावापुढे जिनिंगचा उल्लेख आहे का, हे आधी पाहा.

तिसरी पायरी : घर

आता वंशजांकडे जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, त्या छापील पानाचा फोटो बरोबर न्या. आजोबांचं नाव छापलेलं पाहिलं की माणसं मोकळी होतात आणि माळ्यावरची पेटी खाली येते.

‘तुमच्या घराण्याचा इतिहास सांगा’ असं विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर संपतं. त्यापेक्षा वस्तूंबद्दल विचारा. आबाजी, मशीन ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायची, होती की हाताची? कुठून आणली, रेल्वेने की बंडीने? खिळे मुंबईहून यायचे का? खिळे ठेवायच्या केस (खणांच्या पेट्या) कोणत्या भिंतीला होत्या? कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, कोण होता, तो गावचाच की अमरावतीहून आणलेला? छापखाना दिवाळीला पुजायचे की दसऱ्याला? एकेका उत्तरातून एकेक कागद निघतो. मशीन उधारीने घेतली असेल तर गहाणखत असणार. कंपोझिटर बाहेरचा असेल तर त्याचं घराणं दुसऱ्या गावी सापडेल. माझा अनुभव असा की मालकाच्या नातवापेक्षा कंपोझिटरच्या आणि बाइंडरच्या घरी छापखान्याची आठवण जास्त नेमकी राहते, कारण त्यांचे दिवस तिथे उभं राहून गेले.

घरात दोन वस्तू मुद्दाम मागा: लग्नपत्रिका आणि तेरवीच्या पत्रिका. छापखानेवाल्याच्या घरच्या पत्रिका त्याच्याच मशीनवर निघत, म्हणून त्यात हात आखडता घेतलेला नसतो. ‘आमचे कनिष्ठ चिरंजीव’, ‘कै. अमुक यांची नात’, निमंत्रकांची लांबलचक यादी, आजोळचं गाव, व्याह्यांचं गाव, सगळं तिथे आहे. बायकांची माहेरची नावं इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या कागदावर क्वचितच मिळतात. आणि बायकांना वगळून ही वंशावळ पूर्ण होत नाही. नवरा गेल्यावर छापखाना चालवणाऱ्या, घरात बसून फर्मे (छापलेले मोठे ताव) दुमडणाऱ्या आणि पुस्तकं शिवणाऱ्या बायकांच्या जिवावर हा धंदा टिकला. जावयाकडे छापखाना गेला की आडनाव बदलतं आणि माग तुटल्यासारखा वाटतो. तो माग लग्नपत्रिकेनेच पुन्हा जुळतो.

चौथी पायरी : गावदप्तर

आता मौजा आणि साल तुमच्या हाती आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज करा. कोतवाल गावातले जन्म-मृत्यू टिपून पोलीस ठाण्याकडे आणि तहसिलीकडे पाठवी, आणि त्या वह्या गाव आणि सालावार लावलेल्या असतात. जातपडताळणीसाठी लोक याच नकला काढतात, त्यामुळे कर्मचाऱ्यांना हा अर्ज ओळखीचा असतो.

नोंदीत काय मिळतं? तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मृत्यू असेल तर वय आणि कारण. बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, बारसं व्हायच्या आत नोंद होत असे. म्हणजे ‘गणेश बळवंत यास मुलगा’ एवढीच ओळ. हा मुलगा विठ्ठल की महादेव? ते ठरवायला शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर लागतं. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत ते असतं. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पालकाचा धंदा आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. शाळेतली जन्मतारीख अंदाजे लावलेली असू शकते. कोतवाल बुकातली तारीख आणि दाखल-खारीजची तारीख यांत महिन्यांचा फरक पडला तर गोंधळू नका, दोन्ही लिहून ठेवा. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आल्यानंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका गाठावी.

जुनी पानं मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्याला दाखवा, अंदाजाने वाचू नका. वऱ्हाडच्या जुन्या महसुली कागदांवर फसली साल असतं, त्यात ५९० मिळवायचे. मारवाडी घराण्याच्या बहीत (हिशेबाच्या वहीत) विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करायचे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी अनेक जिल्ह्यांनी जुनी दप्तरं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकली आहेत. नोंद कोणत्याही जातीची शोधत असाल तरी ती पानं पाहा, कारण स्कॅन पूर्ण पानाचं असतं आणि शेजारच्या ओळीत तुमचा माणूस असू शकतो. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांचे पुष्कळ महसुली कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही आहेत.

जागेचा माग स्वतंत्र काढावा. छापखाना तालुक्याच्या पेठेत असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातली आखिव पत्रिका (मिळकतीचा उतारा) आणि नझूलची (गावठाणातल्या सरकारी जमिनीची) कागदपत्रं, शेती असेल तर बंदोबस्त मिसल (जुन्या सारा-आकारणीची फाइल), अधिकार अभिलेख आणि फेरफार (मालकी बदलल्याची नोंद). पूर्व विदर्भात १९५१ पर्यंत मालगुजारी होती (सारा मालगुजारामार्फत) आणि वऱ्हाडात रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून), म्हणून दोन्हीकडच्या कागदांचं वळण वेगळं दिसेल. फेरफाराची नोंद सगळ्यात बोलकी असते: ‘खातेदार मयत, वारस अमुक’ या ओळीत मृत्यूचा काळ आणि सगळी मुलं एका जागी येतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची १ माणसांच्या नावांवर आणि सूची २ मिळकतीवर लावलेली असते. छापखान्याची विक्री, गहाणखत आणि दत्तकपत्र तिथे शोधा.

पंडे आणि भाट

त्र्यंबकेश्वर, नाशिक, गया, प्रयाग, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावावार आणि जातवार नोंदी असतात. अस्थी घेऊन गेलेला मुलगा तिथे वडील, आजोबा, भाऊ, मुलं अशी नावं सांगून सही करून येतो. आपल्या गावाचा उपाध्याय कोण, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारलं की समजतं. जाताना मूळ गाव सांगा, आजचं नव्हे. छापखान्यासाठी घराणं आर्वीला आलं असेल, पण वहीत ते अजून जुन्या गावाखालीच असू शकतं. मारवाडी आणि राजपूत घराण्यांनी वंशावळ्या सांभाळणाऱ्या भाटांच्या पोथ्या विचाराव्यात.

पाचवी पायरी : वर्तमानपत्रं आणि पोलिसांची नजर

तुमचा मुद्रक साप्ताहिक काढत असेल तर काम एकदम पुढे जातं. सरकार देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे साप्ताहिक अहवालात काढत असे. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातल्या पत्रांचे गोषवारे मुंबई इलाख्याच्या अहवालात आलेले आहेत, म्हणून मध्य प्रांताच्या अहवालात नाव नाही म्हणून सोडून देऊ नका. १९१० च्या प्रेस कायद्याने नव्या छापखान्याला ५०० ते २००० रुपयांचा जामीन मागता येई. तो मागितला, जप्त केला, माफ केला, प्रत्येक वेळी फाइल झाली. अशा फाइलींसाठी नागपूरचं पुराभिलेख कार्यालय गाठा. जप्त झालेलं साहित्य दिल्ली आणि लंडन दोन्हीकडे जपलेलं आहे. ज्या मुद्रकाला सरकारने त्रास दिला, त्याच्याबद्दल आज सगळ्यात जास्त माहिती मिळते.

स्वातंत्र्यानंतरच्या काळासाठी ‘फॉर्म ४’ शोधा. १९५६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक वृत्तपत्राला फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि मालक यांची नावं, राष्ट्रीयत्व आणि पत्ते छापावे लागले. जुन्या फाइलींत फक्त मार्चचे अंक काढून वर्षागणिक लावले की मालकी वडिलांकडून मुलाकडे कधी गेली, ते साल हाती येतं.

वृत्तपत्रांच्या साखळीवरून माणूस कसा उभा राहतो, याचं उत्तम उदाहरण किसन फागूजी बनसोडे यांचं. जन्म १८७९ चा, नागपूर जिल्ह्यातल्या मोहपा गावचा. १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’, १९३१ मध्ये ‘चोखामेळा’, आणि छपाईसाठी स्वतःचा छापखाना. अस्पृश्यता सोसणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाने स्वतःचे खिळे आणि स्वतःचं यंत्र उभं केलं. पत्रांची नावं सालावार लावली तरी त्यांचं आयुष्य डोळ्यांपुढे येतं. शोधताना बनसोड आणि बनसोडे ही दोन्ही रूपं वापरून पाहावी लागतात. असे किती तरी मुद्रक तालुक्या-तालुक्यात होऊन गेले आणि त्यांच्यावर अजून एक पानही लिहिलेलं नाही.

जुळवणी

वहीत दोन स्वतंत्र कालपट ठेवा, एक माणसाचा आणि एक छापखान्याचा. सरस्वती, लक्ष्मी, श्रीराम अशी छापखान्यांची नावं प्रत्येक गावात सापडतात, आणि छापखाना विकला तरी नाव तेच राहतं. एकाच नावाचा छापखाना साठ वर्षं दिसला म्हणून तो एकाच घराण्याचा होता असं धरू नका. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठे पाहिली, कोणत्या पानावर, आणि मूळ पाहिली की ऐकीव आहे, हे लिहा. एका नात्यासाठी किमान दोन स्वतंत्र पुरावे मिळेपर्यंत वंशवृक्षात ती रेघ तुटक काढा.

जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि कोतवाल बुकातला जातीचा रकाना घराच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये. दत्तक, दुसरं लग्न, दिवाळखोरी या गोष्टी तुमच्यासाठी माहिती असतात, त्या घरासाठी नसतात.

आणि हे काम पुढे ढकलू नका. ऑफसेट आणि संगणक आल्यावर ट्रेडल बंद पडले, शिशाचे खिळे किलोवर भंगारात गेले, आता उरलेल्या बिलबुकांची आणि ऑर्डरींच्या वह्यांची पाळी आहे. वही हाती आली तर जागीच प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कव्हर आणि कोरी पानंही सोडू नका. फोटोच्या प्रती घराला द्या, एक संच तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. घराची तयारी असेल तर मूळ वह्यांसाठी नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाशी किंवा विदर्भ साहित्य संघाशी आधी बोलून घ्या, आणि देताना वहीसोबत ती कोणाच्या घरची, कोणत्या छापखान्याची, कोणत्या सालांची, अशी चिठ्ठी जोडा.